भाड्याच्या घरांवरून महारेरा नंबरापर्यंत: माझे साडेपाच महिने

१२ जानेवारी २०२५, रविवार. घोडबंदर रोडवरच्या एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसात मी पार्टी घेऊन गेले होते. मी इस्टेट एजंट, आणि पार्टी म्हणजे आमचं गिऱ्हाईक: ऐरोलीत मीच लावून दिलेल्या घरात चार वर्षं भाड्याने राहिलेलं जोडपं. त्यांना टू बीएचके घ्यायचा होता, बजेट एक कोटी दहा लाखांपर्यंत. सॅम्पल फ्लॅट बघून झाला, चहा झाला, बाईंना किचनचा ओटा आवडला. मग काउंटरवरच्या मुलाने रजिस्टर पुढे सरकवलं. "मॅडम, तुमचा महारेरा नंबर?" महारेरा म्हणजे बिल्डरांचे प्रकल्प आणि एजंट यांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण. माझी तिथे नोंदणी नव्हती.

मी पर्समधून गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, काढला. त्याने तो उलटसुलट बघितला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "काकू, हा नाही चालत."

"मॅडम"ची "काकू" झाले, ते मला जास्त लागलं.

त्या दिवशी काय केलं तेही सांगते, कारण पुष्कळ जण हेच करतात. कळव्याच्या एका नोंदणीकृत एजंटला फोन लावला, सौदा त्याच्या नावावर दाखवला आणि ब्रोकरेज अर्धं अर्धं केलं. दोन टक्क्यांचे दोन लाख वीस हजार, त्यातले एक लाख दहा हजार त्याला गेले. पार्टीचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. तेव्हा मला पैसे गेल्याचं दुःख होतं. महिन्याभराने क्लासमध्ये कळलं की पैसे गेले ही त्यातली किरकोळ गोष्ट होती. रेरा कायद्याचं कलम ९ सांगतं की नोंदणी नसलेल्या एजंटने नोंदणीकृत प्रकल्पातला सौदा करायचाच नाही. कलम ६२ प्रमाणे दंड रोज १०,००० रुपये, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. माझ्या त्या पार्टीच्या घरावर हे साडेपाच लाख होतात.

मी २०१३ पासून ऐरोलीत एजन्सी चालवते. दहा बाय नऊचा गाळा, तोही लीव्ह अँड लायसन्सवर. बाहेर 'वन आरके, वन बीएचके, हेवी डिपॉझिट' असा फळा. मुख्य काम भाड्याचं, मधून मधून रिसेल. महारेरा २०१७ च्या मे महिन्यात आलं तेव्हा "ते बिल्डरच्या मोठ्या कामांना, आपल्याला नाही" म्हणून सोडून दिलं. हे अर्धंच खरं होतं. भाड्याला आणि सोसायटीतल्या जुन्या रिसेल घरांना हा नंबर लागत नाही. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकायचं असेल तर लागतोच. आणि ठाण्याकडे सगळे टॉवरच उभे राहत असताना फक्त भाड्यावर गाळ्याचं भाडं निघेनासं झालं.

जुन्या लोकांना दहा हजार भरून नंबर मिळायचा. आता तसं नाही. २०२३ च्या जानेवारीत महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. ज्यांच्याकडे आधीपासून नंबर होता त्यांनाही मुदत देऊन परीक्षा द्यायला लावली आणि ज्यांनी दिली नाही अशा सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. आमच्या सेक्टरमधले एक काका त्यातले. "या वयात परीक्षा देऊ का?" म्हणत बसले आणि नंबर गेला. त्यांच्याकडे बघूनच मी ठरवलं की आधी परीक्षा, मग बाकीचं.

क्रम असा: २० तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, त्यातून सक्षमता प्रमाणपत्र आणि ते जोडून महारेराच्या पोर्टलवर नोंदणीचा अर्ज. उलट्या बाजूने सुरुवात करू नका. मी आधी लॉगिन तयार करून फॉर्म भरायला बसले आणि प्रमाणपत्राच्या रकान्यावर येऊन अडकले. एक पूर्ण रात्र फुकट गेली.

प्रशिक्षण फेब्रुवारीत केलं, मान्यताप्राप्त संस्थेकडे, जीएसटीसकट ५,९०० रुपये. काही तास ऑनलाइन, काही ठाण्यात वर्गात बसून. संस्थेनुसार फी बदलते, दोन-तीन ठिकाणी विचारा. वर्गात तीसेक जण होते: बँकेतून रिटायर झालेले, नुकते एमबीए झालेले, आणि माझ्यासारखे बारा वर्षं धंद्यात असून 'अपार्टमेंट'ची कायद्यातली व्याख्या पहिल्यांदा ऐकणारे.

पहिल्याच दिवशी कार्पेट एरियावर माझी विकेट गेली. आम्ही सगळे सर्रास 'सेलेबल' बोलतो, म्हणजे भिंती, जिना, लिफ्ट वगैरे धरून फुगवलेलं क्षेत्रफळ. "सहाशे दहाचा आहे" म्हणायचं आणि घरात शिरल्यावर पार्टी विचारते, "सहाशे दहा कुठंय?" कायद्यात किंमत कार्पेटवर धरायची. आतल्या पार्टिशनच्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. सरांनी एक नकाशा दिला आणि म्हणाले, मोजा. माझं उत्तर २८ चौरस फुटांनी जास्त आलं, कारण बाल्कनी धरली होती. दहा हजार रुपये फुटाने ते दोन लाख ऐंशी हजार होतात. मी मनात जुन्या पार्ट्या आठवायला लागले आणि लगेच थांबवलं.

दुसरा धक्का भाड्याच्या कामात बसला, जिथे मी स्वतःला मास्तर समजत होते. "अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही, नोटरी चालते" हे वाक्य मी किती घरमालकांना ऐकवलं असेल! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे आणि जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. शिवाय कागद नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. आणि वाचवत होतो किती? महिना २२,००० भाडं, एक लाख डिपॉझिट, ११ महिने: मुद्रांक शुल्क सातशेच्या आत, नोंदणी फी शहरात १,००० रुपये. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होतं. त्या आठवड्यापासून मी नोटरी बंद केली. दोन मालक दुसऱ्या एजंटकडे गेले. जाऊ देत.

मार्च महिना इन्कम टॅक्समध्ये गेला. हा भाग आधी कोणी सांगितला असता तर माझे पैसे वाचले असते. नोंदणीच्या अर्जाला मागच्या तीन वर्षांची रिटर्न लागतात. माझी दोन होती. २०२१-२२ चं भरलंच नव्हतं. कोविडनंतरचं वर्ष, थोडे पैसे रोखीत आले, थोडे घरखर्चात गेले, राहून गेलं. सीए म्हणाल्या, "ताई, अपडेटेड रिटर्न भरता येईल, पण त्या वर्षाचं ३१ मार्चच्या आत भरा. एक एप्रिलला आलात तर वरचा जादा कर आणखी वाढेल." कर, व्याज, वरचा जादा कर आणि त्यांची फी मिळून ११,६०० रुपये पडले. दुसरी गोष्ट त्यांनी समजावली ती प्रत्येक एजंटने लिहून ठेवावी. छोट्या धंद्यांना जमेच्या ठरावीक टक्क्यावर नफा दाखवायची जी सोय आहे (त्या वेळच्या कायद्यात कलम ४४एडी), ती ब्रोकरेजच्या उत्पन्नाला नाही. म्हणजे पेट्रोल, फोन, फळ्याचा पेंटर, पार्टीचा चहा, सगळ्याचा हिशेब आणि जमेल तिथे पावती. आता गाळ्यात एक शंभर पानी वही आहे. मुलगा म्हणतो ॲप वापर. वही पार्टीसमोर उघडता येते, हा तिचा फायदा ॲपला नाही.

परीक्षा एप्रिलमध्ये. बँकांच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस हीच ती परीक्षा घेते, त्यामुळे थाट तसाच: हॉलतिकीट, ओळखपत्र, फोन बाहेर, संगणकावर बहुपर्यायी प्रश्न. माझी याआधीची शेवटची परीक्षा टीवायबीकॉमची, १९९९ ची. आदल्या रात्री नवऱ्याने प्रश्न विचारले, मी पोळ्या लाटत उत्तरं दिली.

"करार नोंदवायच्या आधी बिल्डर किती टक्के घेऊ शकतो?"

"दहा."

"ग्राहकांकडून आलेल्या पैशातले किती वेगळ्या खात्यात?"

"सत्तर."

"बांधकामातला दोष किती वर्षांपर्यंत त्याने दुरुस्त करायचा?"

"ताबा दिल्यापासून पाच. तुम्हाला सगळं येतंय, तुम्हीच द्या परीक्षा."

सेंटरवर माझ्या शेजारी पासष्टीचे एक गृहस्थ होते. त्यांना माऊस जमत नव्हता, प्रश्न मात्र माझ्याआधी संपले. मला ७४ आले. घरी पेढे वगैरे आणले नाहीत, आईला मात्र फोन केला. ती म्हणाली, "कसली परीक्षा गं? घर दाखवायची?"

एक सूचना: संस्थेच्या नोट्स पाठ करण्यापेक्षा महारेराच्या संकेतस्थळावर चार प्रकल्प उघडून बसा. मंजुरी कधीची, पूर्ण होण्याची तारीख किती वेळा पुढे गेली, जमिनीवर बोजा किंवा कोर्टकेस आहे का, किती फ्लॅट बुक झाले, हे सगळं तिथे दिसतं. अभ्यासही होतो आणि पार्टीला कुठे न्यायचं नाही तेही कळतं.

प्रमाणपत्र हातात आल्यावर १६ मे रोजी अर्ज केला. व्यक्ती म्हणून नोंदणीची फी १०,००० रुपये, पाच वर्षांसाठी. कंपनी किंवा भागीदारी असेल तर एक लाख. मी एजन्सीच्या नावाच्या भानगडीत न पडता स्वतःच्या नावाने केला. पॅन, आधार, फोटो, धंद्याच्या जागेचा पुरावा, रिटर्न, खटले नसल्याची माहिती हे सगळं अपेक्षित होतं. एका गोष्टीने मात्र मला हसू आलं: तुम्ही वापरणार त्या लेटरहेडचा, पावतीचा आणि रबरी शिक्क्याचा नमुना जोडावा लागतो. माझ्याकडे लेटरहेड नव्हतं. शिक्का होता तो एजन्सीच्या नावाचा, २०१३ चा, आणि त्यावरचा फोन नंबर बंद पडलेला. ठाणे स्टेशनजवळ एका बोळात तासाभरात शिक्का करून मिळाला, लेटरहेड आणि पावतीपुस्तकासकट ८५० रुपये. घाईत घरी आले, पॅडवर दाबला, कोऱ्या कागदावर उठवला, स्कॅन केला, चढवला.

२९ मे रोजी अर्जात त्रुटी निघाली. चूक माझीच होती, दोन चुका होत्या. पॅनवर माझं माहेरचं मधलं नाव आणि आधारवर लग्नानंतरचं. आणि जागेचा पुरावा म्हणून मी जोडलं होतं महावितरणचं बिल, जे गाळ्याच्या मालकाच्याही नावावर नाही, त्यांच्या आधीच्या मालकाच्या नावावर आहे. बारा वर्षं दर महिन्याला बिल भरतेय, वरचं नाव कधी वाचलंच नव्हतं. मालकाला फोन केला तर ते म्हणाले, "अहो ते राहूनच गेलंय, बघू दिवाळीनंतर." शेवटी गाळ्याचा नोंदणीकृत करार आणि मालकाचं संमतीपत्र जोडलं. नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला दिला. ४ जूनला पुन्हा सादर केलं. बायकांना माझं सांगणं एवढंच: प्रशिक्षणाला नाव नोंदवायच्या आधी पॅन, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणचं नाव एका कागदावर लिहून बघा. परीक्षेच्या प्रमाणपत्रावर जे नाव येईल तेच पुढे सगळीकडे जातं.

मग वाट बघणं. आणि याच दिवसांत तो किस्सा झाला.

रबाळे एमआयडीसीतल्या कंपनीत काम करणारं एक तरुण जोडपं आलं. बजेट अठ्ठावीस लाख, स्टेशनजवळ वन बीएचके. त्या पैशात ऐरोली-घणसोली पट्ट्यात काय मिळतं हे इथल्या प्रत्येक एजंटला माहीत आहे: गावठाणातली इमारत. योगायोगाने त्याच आठवड्यात अशाच एका इमारतीवाल्याने निरोप पाठवला होता की फ्लॅटमागे दीड लाख, हातात, त्याच दिवशी.

हे बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगते. नवी मुंबईची जमीन सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, घेतली, गावं मध्ये राहिली. कुटुंबं वाढली तशी भूमिपुत्रांनी गावठाणात आणि त्याच्या आजूबाजूला गरजेपोटी घरं बांधली. त्यांचा प्रश्न खरा आहे आणि जुना आहे. पण त्याच गर्दीत काही लोकांनी पाच-सहा मजले चढवून फ्लॅट विकायला काढले. परवानगी नाही, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही, महारेरा नंबर नाही, बँकेचं कर्ज नाही आणि कागद म्हणजे नोटरी. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या सोसायटीत घर घेतलं तर ट्रान्सफर फी आणि एनओसीचा त्रास असतो, पण घर तुमच्या नावावर होतं. इथे नक्की काय विकलं जातंय हाच प्रश्न असतो.

मी साधू नाही. २०१७ मध्ये असा एक फ्लॅट मी विकला होता. त्या दादांनी बायकोचे दागिने मोडून पैसे उभे केले होते. पुढे इमारतीला महापालिकेची नोटीस आली. इमारत उभी आहे, ते राहतातही, पण विकायला गेले तर घेणारा नाही. दर गणपतीत ते मला फोन करतात. भांडत नाहीत. "ताई, काही झालं का आपल्या इमारतीचं?" एवढंच विचारतात. भांडले असते तर बरं झालं असतं.

जोडप्याला मी हे सगळं सांगितलं, दादांचं नाव न घेता. अठ्ठावीस लाखांत कायदेशीर घर हवं असेल तर लांब जावं लागेल, किंवा अजून दोन वर्षं भाड्याने राहा, असंही म्हटलं. मुलगी शांतपणे ऐकत होती. मुलगा म्हणाला, "काकू, सगळेच राहतात की तिथे." खरं आहे, सगळेच राहतात. पंधरा दिवसांनी कळलं, त्यांनी दुसऱ्या एजंटकडून त्याच इमारतीत घेतलं. भाजी मार्केटमध्ये भेटतात, हसतात. दीड लाख गेले आणि त्यांचं घर वाचवलं असंही काही झालं नाही. ती रात्र मी बराच वेळ जागी होते, हे मात्र खरं.

२७ जून, शुक्रवार. प्रमाणपत्र आलं. प्रिंट काढून फ्रेम केलं आणि गाळ्यात दर्शनी भिंतीवर लावलं, तसं लावणं बंधनकारकही आहे. हिशेब केला तर सगळं मिळून तीस हजारांच्या आसपास खर्च. त्यातला एक तृतीयांशाहून जास्त माझ्याच न भरलेल्या रिटर्नचा.

पहिला सौदा सप्टेंबरमध्ये झाला, माजिवड्याकडच्या एका प्रकल्पात. यावेळी साइट व्हिजिटच्या आदल्या दिवशीच बिल्डरच्या माणसाकडून टक्केवारी आणि पैसे कधी मिळणार ते मेलवर लिहून घेतलं. पार्टीलाही व्हॉट्सॲपवर लिहिलं: माझं ब्रोकरेज बिल्डर देणार, तुमच्याकडून काही नाही, बुकिंगची रक्कम चेकने, बिल्डरच्या नावाने, मुद्रांक शुल्क सात टक्के, एकट्या बाईच्या नावाने घेतलंत तर सहा, नोंदणी फी तीस हजार. पूर्वी मी हे सगळं रिक्षात बसून तोंडी सांगायचे, आणि पुढे "तुम्ही असं म्हणाला होतात" व्हायचं. एकटीने रिकाम्या इमारतीत घर दाखवायचं असेल तर अजूनही वॉचमनला वर बोलावते आणि नवऱ्याला लोकेशन पाठवते. या बाबतीत कुठलाही नंबर उपयोगाचा नाही.

ब्रोकरेज यायला सत्त्याण्णव दिवस लागले. त्यातून दोन टक्के टीडीएस कापला होता. ऑक्टोबर २०२४ आधी हा पाच टक्के असायचा. ज्यांना महिन्याच्या महिन्याला घर चालवायचं आहे त्यांनी भाड्याचं काम सोडू नये. बिल्डरचा पैसा मोठा असतो पण पायी येतो.

आणि बिल एकदा परत आलं होतं, ते राहिलंच. मी सवयीने जुन्या एजन्सीचा शिक्का मारला होता. अकाउंट्सवाल्या मुलीने सांगितलं, महारेराला जो नमुना दिलाय तोच मारा. नवा शिक्का काढला तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. त्या दिवशी घाईत पॅडवर नीट न दाबल्यामुळे स्कॅनमध्ये 'इस्टेट'चा 'स्टे' अर्धाच उठला आहे. तोच नमुना महारेराकडे आहे. नवरा म्हणतो, आता पाच वर्षं तसाच अर्धा उठव. मी दर वेळी फुंकर मारून, पूर्ण दाबून उठवते. अजून कोणी हरकत घेतलेली नाही.